नातीला न्हाऊ घालायचे हात

ठमाबाईला जनूच्या आईने पसंत केलं ते तिच्या टाचा बघून. रंग बघितला नाही, केस बघितले नाहीत. पोरीला अंगणात चार पावलं चालायला लावलं, मग ओट्यावर बसवलं, तिचे तळपाय मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाली, "बरी हाय. मिठात टिकंल."

पेणच्या पश्चिमेला खाडीच्या काठाने मिठागरं पसरलेली होती, त्या काळातली ही गोष्ट. अलिबागकडे जाणाऱ्या एसटीतून बघितलं की मिठाच्या राशी दूरवर पांढऱ्या दिसत आणि शहरातून आलेलं एखादं पोर आईला विचारी, हे तंबू कोणाचे? त्या तंबूंच्या आसपास ठमाबाईसारख्या बायका उन्हात वाकलेल्या असत. ज्या घरचं पोट मिठावर, त्या घरात मऊ पायांची सून आणून करणार काय? म्हणून आधी कातडी बघायची, मग बाकीचं.

ठमाबाई टिकली. पाऊस सरला की बांध लिंपायचे, वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा घट्ट करायचा, उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हात आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं. पौषात पहिलं मीठ धरायचं. तेव्हापासून मृग जवळ येईपर्यंत ती आणि जनू बांधावरच्या खोपीतच राहत. प्यायचं पाणी गावातून होडीने येई. हात-पाय दिवसभर त्या जाड, कडू पाण्यात. चार हंगामांत तिचे तळहात पिवळे आणि टणक झाले. चुलीतला निखारा ती दोन बोटांनी उचलायची आणि जनूची विडी पेटवून परत चुलीत टाकायची. यात काही विशेष आहे असं तिला वाटत नसे. तिथल्या सगळ्याच बायका तसं करत.

मिठागरावर एक नेम होता. हंगाम चालू असताना डोक्याला हवं तेवढं तेल लावा, हातापायाला लावायचं नाही. तेल लावलं की कातडं मऊ पडतं आणि मऊ कातड्यात मीठ शिरतं. भेग पडली तर पडू द्यायची, कोरडी ठेवायची. मात्र शेवटचं मीठ राशीवर गेलं, राशी गवताने शाकारून झाल्या, की त्या संध्याकाळी सगळ्या बायका एका अंगणात जमत. कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल मुठीत वळून गोळे केलेले असत. ते दिव्यावर धरून एकमेकींच्या हातापायांच्या भेगांत थेंब थेंब सोडायचे. कोणी शिव्या घालायची, कोणी गाणं धरायची. त्यानंतर गणपतीपर्यंत हात बरे मऊ व्हायचे. जनू म्हणायचा, "आता शेठानीसारखं दिसतंत. भाकरी तरी थापशील का नाय?"

त्यांची एकुलती लेक शांती माघात जन्मली, ऐन हंगामात. ठमाबाई बाळंतपणातून उठली आणि थोड्याच दिवसांत बांधावर गेली. शांतीला अंगाला तेल लावून न्हाऊ घातलं ते सासूने. दूध पाजायला तेवढं मूल होडीतून खोपीवर यायचं. ठमाबाईने लेकीला वाढवलं, पण न्हाऊ घातलं नाही. हे तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. एक मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं, की शांतीला मिठात उतरू द्यायचं नाही.

"हिला गोड्या पान्याच्या गावात द्यायची," ती जनूला म्हणायची.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी तसं स्थळ आलं. रोह्याला कुंडलिकेच्या पुलापलीकडे अष्टमी, तिथलं घर. भाताची जमीन, त्यावर वालाचं पीक, आणि मुलगा गुणाजी भाताच्या गिरणीवर कामाला. गुणाजीची आई गिरजाबाई मोकळ्या स्वभावाची होती, पण बोलायला लागली की समोरच्याच्या अंगावर शब्द कुठे पडतात हे बघायची नाही. तिने शांतीचे पाय बघितले नाहीत. भात निवडता येतं का, एवढंच विचारलं.

दीड-दोन वर्षांत शांतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण पौषाचा महिना, पहिलं मीठ धरायची वेळ. गुणाजी एसटीने पेणला आला आणि तिथून चालत बांधावर येऊन उभा राहिला. त्याला बोलताना अवघड होत होतं.

"आयनं सांगितलंय, राग मानू नका. पन ओली बाळंतीन इथं ठेवायची कुठं? प्यायचं पानी होडीनं येतंय, ते न्हानीला पुरायचं कसं?"

बोलणं खरं होतं; सासू गेल्यापासून गावातलं घर हंगामभर बंदच असे. खोटं असतं तर ठमाबाई भांडली असती. तिने जावयाला चहा दिला, डोक्यावरून पदर नीट केला आणि म्हणाली, "नाय, बरोबर हाय तुमच्या आयचं."

मुलगी झाली. बारशाला ठमाबाई आणि जनू एका दिवसापुरते अष्टमीला गेले. मुलीचं नाव सरस्वती ठेवलं आणि पाळण्याची दोरी ओढेपर्यंतच तिची सरू झाली. आजीच्या मांडीवर नात दिली. ठमाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला, आणि त्या इवल्या गालावर तांबडी रेघ उमटली. मूल कळवळून रडलं.

गिरजाबाई पटकन म्हणाली, "हळू हो विहीनबाई, खोबरं किसायला घेतलंत काय?"

बायका हसल्या. शांतीलाही हसू आवरलं नाही. ठमाबाईही हसली. मग तिने नातीला शांतीच्या हातात दिलं आणि उरलेला सगळा वेळ हात पदराखाली घेऊन बसली. निघताना गिरजाबाई दारापर्यंत आली. "शिमग्याला या दोघंबी, राहायलाच या. तवा घाला नातीला न्हाऊ. आयच्या आयच्या हातचं न्हानं राहायला नको."

तिने ते सरळ मनाने म्हटलं होतं. ठमाबाईने मात्र शिमगा हा दिवस धरून ठेवला. शिमग्याला आपण नातीला न्हाऊ घालायचं, आणि तोवर हात मऊ करायचे. गालावर रेघ उठेल असे हात घेऊन परत त्या घरात जायचं नाही.

पेणच्या बाजारातून तिने कोकमतेलाचा गोळा आणला आणि खोपीच्या कुडात खोचून ठेवला. जनू भरतीचं पाणी बघायला बांधाकडे वळला की ती गोळा दिव्यावर धरायची आणि तळहात, बोटं, नखांच्या कडा, सगळीकडे चोळायची. बायकांमध्ये बोलली असती तर कोणीही सांगितलं असतं, की गो, वेडी झालीस काय. पण ती बोलली नाही. पहिले काही दिवस तिला आनंदच झाला. हात गालावरून फिरवला तर खरखरायचा नाही. तिने एकदा खोपीवर वाळत घातलेल्या जुन्या लुगड्यावरून तळहात ओढून बघितला. धागा अडकला नाही.

मीठ ओढायचं काम मात्र चालूच होतं. त्या जाड पाण्यात हात रोज जात होते. माघ संपता संपता तळहातावरचं कातडं पांढरं पडलं आणि भिजवलेल्या वालाच्या सालीसारखं सुटायला लागलं. खाली तांबडंलाल. बोटांच्या पेरांवर भेगा उघडल्या, त्यांत मीठ बसलं. मीठ ओढायच्या फळीचा दांडा हातात ठरेना. एक दिवस दांडा निसटला तो जनूच्या पायावरच गेला.

"दाखव," जनू म्हणाला.

"काय नाय."

"नाय कसा? दाखव गो."

त्याने तिचा हात ओढून घेतला, बघितला, मग नाकाशी नेला. कोकमाचा वास. त्याला सगळं कळायला वेळ लागला नाही, कारण बारशाहून येताना ती एसटीत एक शब्द बोलली नव्हती हे त्याच्या लक्षात होतं.

"माझी आय असती ना, तर तुला बांधावरनं खाडीत ढकलली असती."

"त्या असत्या तर ढकलली असती. तुमी काय करता ते बोला."

जनूने विडी काढली. "मी काय करनार? शेठानीला टोपली उचल म्हनू?"

तो तेवढंच बोलला. शिमग्यापर्यंत तिला त्याने वाफ्यात उतरू दिलं नाही. तिच्या वाटणीचं मीठ त्यानेच वाहिलं आणि मुकादम कान्हूने विचारलं तेव्हा बायको तापाने पडलीय असं सांगितलं. ठमाबाई खोपीत रांधत बसली. पण बांधावरचा वारासुद्धा खारटच. तेल लावावं तर कातडं आणखी सुटायचं, कोरडं ठेवावं तर भेग आणखी उघडायची. हात झाकून ठेवण्यापलीकडे तिच्यापाशी इलाज उरला नाही. एकदा तर ती म्हणालीसुद्धा, "आपन नकोच जाऊया. निरोप धाडू."

"आनि नात?"

तिने सुटलेलं फडकं परत हाताला गुंडाळलं.

गावची होळी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पेणच्या स्टँडवर आली. सणासुदीची गर्दी, मुंबईहून आलेली माणसं, ट्रंका, पिशव्या, नवे कपडे घातलेली पोरं. रोह्याची गाडी लागली तेव्हा जनूने आधी रुमाल टाकून जागा धरली आणि बायकोला आतल्या बाजूला बसवलं.

"खिडकी नको तुला. वारं लागंल, धूळ बसंल."

"मंग तुमाला नाय बसनार?"

"माझ्या थोबाडावर आनखी काय बसायचं राहिलंय?"

ठमाबाईने पदराने तोंड गुंडाळून घेतलं. दोन्ही हात फडक्यात बांधून मांडीवर ठेवले. रस्ता तेव्हा धुळीचाच. वडखळ सोडलं आणि गाडी धुळीने भरली. शेजारच्या बाकावर एक जाडजूड म्हातारी मांडीवर टोपली घेऊन बसली होती. धोंडुबाई तिचं नाव. नागोठण्याला लेकीकडे पुरणपोळ्या घेऊन निघाली होती. तिची नजर सारखी ठमाबाईच्या हातांकडे.

"भाजलं काय गो?"

"नाय. फुटलंत."

"कशानं?"

"मिठानं."

एवढं पुरे झालं. एसटीतल्या प्रत्येकाकडे फुटलेल्या कातडीवर औषध निघालं. मागून एकाने एरंडेल सांगितलं. दुसरा म्हणाला, एरंडेल पोटात घ्यायचं असतं, हाताला लोणी लावायचं असतं. पेणच्या एका मास्तरांची बायको पुढे बसली होती. ती वळून म्हणाली, की सुट्टीत प्रवासाला निघताना ती स्वतः चेहऱ्याला, मानेला स्नो लावते, त्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिने पिशवीतून स्नोची बाटलीही काढली.

"आमाला नको, बाई," जनू म्हणाला. "आमी स्नो लावून परत गेलो, तर गावची म्हसबी जवळ उभी करनार नाय."

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. "त्यापरीस लिंबू चोळा हाताला."

धोंडुबाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्या जिभेला चोळ. फुटल्या हाताला लिंबू सांगतोय मुडदा. तिकिटं फाड तुझी."

गाडी हसली. धोंडुबाईने टोपलीवरचं फडकं सोडलं. जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं आणि पोळ्यांचं तूप पिऊन बसलेलं. पोळ्यांवर तिने आपला पदर टाकला आणि ठमाबाईच्या हातांचं खरखरीत फडकं सोडून हे गुंडाळलं.

"आता ऐक. वाटंत हात धुऊ नको, कितीबी धूळ होऊ दे. उतरलीस की गोड्या पान्यानं धू, कोमट. टिपून घे, चोळू नको. मंग खुशाल तेल लाव."

"तेलानंच झालंय हे."

"मिठात असताना लावलंस म्हनून झालंय. आता मिठातनं उठून आलीस ना? आता लाव."

इतकी साधी गोष्ट, पण ठमाबाईला ती बांधावर बसून सुचली नव्हती. तिथे बसलेल्या माणसाला मिठाबाहेर काही दिसायचंच नाही.

नागोठण्याच्या अलीकडे पोरांनी रस्त्यावर आडवा दोर धरला होता. शिमग्याचं पोस्त म्हणून चार पैसे घेतल्याशिवाय ती गाडी पुढे सोडणार नव्हती. ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्याशी हुज्जत घालत होता, तेवढ्यात खिडकीतून शेणाच्या पाण्याची पिचकारी आली. ती सगळी जनूच्या तोंडावर. तो तसाच रुंद होऊन बसून राहिला, म्हणून ठमाबाईपर्यंत थेंब आला नाही. त्याच्या मिशीतून हिरवं पाणी गळत होतं.

"पुसा की," ती म्हणाली.

"कशाला? स्नो लावलाय."

मास्तरांच्या बायकोलाही हसू आलं. ठमाबाई पदरात तोंड घालून इतकी हसली, की कितीतरी दिवसांनी हसतोय हे तिचं तिलाच जाणवलं. नागोठण्याला धोंडुबाई उतरली. फडकं परत मागितलं नाही. भिसे खिंडीच्या वळणांवर गाडी हळू झाली, वारा गार लागला. ठमाबाईच्या हातांना पुरणपोळीचा वास येत होता आणि आत ओलसर ऊब होती. पण मग रोहा आलं. पुलावरून अष्टमीत शिरताना तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

गिरजाबाई दारात पाय धुवायला पाणी घेऊन उभी होती. जनूचं तोंड बघून ती आधी हसली. मग ठमाबाई पाण्याला हात लावीना हे तिच्या लक्षात आलं.

"हे काय बांधलंय?"

"भाजलं जरा," जनू मध्येच म्हणाला.

"भाजलं नाय," ठमाबाई म्हणाली. "तेल लावलं."

"तेल लावून असं होतंय?"

"मिठात होतंय. हंगामात लावायचं नसतं."

"मंग कोन म्हनलं तुमाला लावा?"

ठमाबाईने उंबऱ्याकडे बघत सांगितलं, "बारशाला तुमी किसनी म्हनलात. म्हनून."

शांती दाराआड उभी होती. तिने मान खाली घातली. गिरजाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"माझ्या तोंडाला हाड नाय, हे इथलं शेंबडं पोर सांगंल तुमाला," ती शेवटी म्हणाली. "आनि तुमी माझं बोलनं उचलून मिठात जाऊन बसलात? कमाल हाय बाई." मग आत वळून ओरडली, "शांते, बंबातलं पानी आन. कोमट कर. परात आन मोठी."

तिने स्वतः ठमाबाईचे हात परातीत धुतले. बडबड चालूच होती, पण बोटं हळू फिरत होती. ती भातलावणीची बाई. पावसात तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, त्याची तिला आठवण झाली. "आमाला चिखल खातो, तुमाला मीठ. आनि ही पोरगी बघा," शांतीकडे मान उडवून ती म्हणाली, "दोन्ही घरचं खाऊन हात कसे ठेवलेत, लोन्याचे." हात टिपून झाल्यावर तिने घरचा कोकमतेलाचा गोळा काढला.

रात्रीपर्यंत ठणका कमी झाला. पण एका रात्रीत कातडी येत नाही. सकाळी न्हाणीत पाणी तापलं, तेलाची वाटी आली, तेव्हा ठमाबाई हात पुढे करून बघत राहिली. भेगांच्या कडा अजून करवतीसारख्या होत्या.

"तुमीच घाला न्हाऊ," ती विहिणीला म्हणाली. "मी बघते बसून."

"पायांवर तरी घ्याल का तेबी नाय?"

ठमाबाई पाटावर बसली. पाय लांब सोडले, त्यांवर जुन्या लुगड्याची घडी टाकली. शांतीने सरूला आणून तिच्या पायांवर पालथी निजवली. मूल रडायला लागलं. गिरजाबाईने पाण्याचं घंगाळ जवळ ओढलं. पाणी कढत आहे का बघायला ठमाबाईने सवयीने हात पुढे केला आणि भेगा बघून मागे घेतला. मग तिने कोपर बुडवलं. कोपरावरून पाणी निथळत मनगटाकडे आलं आणि तिची नजर तिथे थांबली.

तिच्या हाताची आतली बाजू, कोपरापासून मनगटापर्यंत. टोपली डोक्यावर धरली की ती बाजू उन्हाकडे नसे. मीठ ओढताना पाणी तिथवर पोचत नसे. लग्नात ती जशी आली होती तशी ती कातडी राहिली होती. तिने स्वतःही ती कधी नीट बघितली नव्हती.

तिने चोळीची बाही वर सारली, हाताची ती बाजू तेलाच्या वाटीत टेकवली आणि नातीच्या मानेपासून कमरेपर्यंत हळूच ओढली. मग परत.

"हे काय करताय?" गिरजाबाईने विचारलं.

"न्हाऊ घालते."

"असं कोन घालतं?"

"मी."

सरूचं रडणं थांबलं. मूल पालथं निजून तोंडाने काहीतरी पुटपुटायला लागलं. ठमाबाईने पाठ, मांड्या, पोटऱ्या, सगळीकडे तसाच हात फिरवला. उताणी करून छाती, पोट. डाळीचं पीठही तिने दुधात कालवून हाताच्या त्याच बाजूने लावलं. गिरजाबाई तांब्याने पाणी सोडत होती आणि मध्येच, "इकडं राहिलं, बगलेत," असं सांगत होती. विस्तवाची धुरी झाली, टाळूवर तेल पडलं. सरू झोपली ती जेवणं होऊन गेली तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघीतिघी न्हाणी बघायला आल्या. गिरजाबाईनेच त्यांना बोलावलं होतं. "आमच्या विहीनबाई कोपरानं न्हाऊ घालतात," ती मोठ्या तोऱ्यात सांगत होती, जणू हे तिच्याच घरचं शास्त्र. ठमाबाई परत निघाली तेव्हा तिचे हात मिठात घालण्याजोगे झाले नव्हतेच. जनूने आणखी काही दिवस तिच्या वाटणीच्या टोपल्या वाहिल्या. कान्हू मुकादमाला त्याने तोच ताप परत सांगितला.

पुढे वर्षानुवर्षं शिमग्याला ठमाबाई अष्टमीला जायची. प्रवासातली तिची शिस्त ठरून गेली. खिडकीत बसायचं नाही, हात मऊ फडक्यात, तोंड पदरात, उतरल्यावर आधी गोडं पाणी. शांतीची पुढची दोन्ही मुलं तिच्या पायांवर तशीच न्हाली. हंगाम संपला की गिरजाबाईकडून केळीच्या पानात बांधलेला कोकमतेलाचा गोळा यायचा. गुणाजी तो आणताना म्हणायचा, "आयनं सांगितलंय, आता लावा, आधी नको." हे सांगताना तो दरवर्षी हसायचा आणि ठमाबाई दरवर्षी त्याला चहा द्यायची.

मग मिठागरं उतरणीला लागली. तरणी पोरं कंपन्यांत शिफ्टला जायला लागली. ती बांधावर येईनात. एका उधाणात मोठा बांध फुटला तो कोणी बांधला नाही. वाफ्यांत तिवरं वाढली. पांढऱ्या राशी दिसायच्या तिथे हिरवी झाडी आणि बगळे. जनू त्याच सुमारास गेला. शांतीने आईला अष्टमीला आणलं. ठमाबाई नको नको म्हणत आली आणि राहिली.

गोड्या पाण्याच्या गावात दोन पावसाळे गेले आणि तिच्या हातांचं कातडं सालपटासारखं निघून खालून नवं आलं. गुलाबी, पातळ, पोरीबाळींसारखं. एकदा सवयीने चुलीतला निखारा उचलायला गेली आणि बोटं भाजून घेतली. "हात बिघडले माझे," ती शांतीला म्हणाली. दुपारी ओटीवर बसली की ठमाबाई तळहात उलटेपालटे करून बघायची. बांध, खोपी, होडीतून येणारं पाणी, संध्याकाळी अंगणात जमलेल्या बायका, यांतलं काहीच आता हातांवर उरलं नव्हतं.

सरू पनवेलला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. रेल्वे तोवर रोह्यापर्यंत झाली होती, ती गाडीने आली. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी होती.

"खिडकीत बसली होतीस काय?" ठमाबाईने दारातच विचारलं. "बघ, गाल कसे सुकलेत. शांते, पानी आन. कोमट कर."

मुलगा झाला. न्हाणीच्या पहिल्या दिवशी पाट मांडला तो पणजीलाच. ठमाबाई पाय लांब करून बसली. गुडघे आता पूर्ण टेकत नव्हते, म्हणून शांतीने खाली उशी दिली. गिरजाबाई थकली होती, दिसायलाही कमी आलं होतं, पण तांब्या दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. ठमाबाईने चोळीची बाही वर सारली आणि हात तेलाच्या वाटीकडे नेला.

सरू दाराशी बसून बघत होती. "आजी, आता कशाला तसं? तुझे हात आता माझ्यापरीस मऊ आहेत. हातानंच लाव की."

ठमाबाई थांबली. तिने तळहात वाटीवर धरला, जरा वेळ तसाच ठेवला, मग बुडवला. मुलाला उताणं निजवलेलं होतं. तिने तळहात त्याच्या पोटावर ठेवला. सगळी बोटं पसरून. पोट वर-खाली होत होतं, कोमट, आणि त्या नव्या पातळ कातडीला ते सगळं कळत होतं. त्याचा श्वास, आतली गुरगुर, बेंबीजवळची उष्ण जागा. मुलाने पाय झाडले. तिने हात हलवला नाही.

"पानी निवतंय हो," गिरजाबाई म्हणाली.

"निवू दे," ठमाबाई म्हणाली. "दुसरं तापवा."